पिल्लाची चोरलेली शिट्टी

मी एक जुना भोंगा आहे आणि मला माझ्याच तोंडाची किळस येते. पहिल्याच वाक्याला असं बोलू नये, हे मला कळतं. जुनी छत्री, जुना पाट, शाळेची जुनी घंटा आपली गोष्ट किती गोडीने सुरू करतात! पण मित्रांनो, माझ्याकडे गोड काही उरलेलं नाही. जे आहे ते सांगतो. कडू लागलं तर औषधासारखं नाक दाबून ऐका.

मी चौकात ओरडणारा भोंगा नव्हे. मी पाण्याखालचा. चपटा, गोल, जेवणाच्या ताटाएवढा. मागे जड चुंबक, पुढे काळ्या रबराची कातडी आणि पाठीतून निघालेली एक लांब वायर. वायरीतून वीज आली की माझी कातडी थरथरते आणि ती थरथर पाण्यात आवाज होऊन पसरते.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथे एक बाई दिवसभर तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळत बसायच्या. त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते, पण वेटोळं कधी सैल पडलं नाही. मला पुरता जोडल्यावर त्यांनी पाण्याच्या पिंपात सोडलं, वायरीतून एक साधा सूर पाठवला आणि पिंपाला कान लावला.

"गुणाचा आहे गं हा," त्या शेजारणीला म्हणाल्या. "याचा आवाज फाटत नाही."

ते माझं पहिलं कौतुक. दुसरं झालं तेव्हा मला शिसारी आली, पण ते पुढे सांगतो.

माझ्या बरोबरीचे भोंगे पोहण्याच्या तलावांवर गेले. मलाही वाटलं होतं, आपण मुलांना पोहायला शिकवू, पाण्याखाली ताल मोजून देऊ. मला नेलं डॉल्फिनच्या खेळावर. नाव मोठं, लक्षण खोटं! दारावर निळ्या लाटा रंगवलेल्या आणि आत सिमेंटचा एक मोठा हौद. भिंतींवर बुळबुळीत थर. पाण्यातले जंतू मरावेत म्हणून टाकलेल्या पावडरीचा असा उग्र दर्प, की आत उतरलेल्या माणसाचे डोळे चुरचुरायचे. काठावर मासे कापायचा ओटा होता आणि त्याच्या खालची मोरी कायम तुंबलेली. बाकांखाली मक्याच्या लाह्यांच्या पिशव्या, चोखून टाकलेल्या काड्या, चघळून चिकटवलेलं काहीबाही. वाऱ्याने त्यातलं थोडं पाण्यात पडायचं. ज्यांना त्या पाण्यात राहायचं होतं, त्या बिचाऱ्या ते चुकवत पोहायच्या.

हौदाच्या कडेला लाकडी फळ्यांचा स्टेज होता. मला त्याच्या बरोबर खाली, पाण्यात, बोल्टने भिंतीला आवळलं.

आता माणसं सांगतो. खेळाचे चालक होते त्यांना सगळे साहेब म्हणायचे. गळ्यात माईक, अंगाला अत्तर, आणि तोंडात एकच शब्द: टाळ्या. "टाळ्या! अहो, जेवून आला नाहीत का? टाळ्या!" उचलली जीभ लावली टाळ्याला, असा सगळा कारभार. आवाजाच्या टेबलावर त्यांचा भाचा बसायचा. तो चुकून "मामा" म्हणाला की साहेब दातओठ खायचे, "इथे साहेब म्हण." आणि तिसरी ताई. ती डॉल्फिनना खेळ शिकवायची. कंबरेला माशांची बादली, हातात माशांचा वास मुरलेला. ती कामाला चोख होती. तिला जनावरांची माया नव्हती असं मी म्हणणार नाही. पण बादली नेहमी मायेच्या पुढे असायची.

माझं काम होतं ढणढण गाणी वाजवण्याचं. मित्रांनो, पाण्यात आवाज हवेपेक्षा कितीतरी जोरात पळतो. सिमेंटच्या हौदात तो भिंतीला आपटून परत येतो, पुन्हा आपटतो. डॉल्फिनचे कान तुमच्याहून कितीतरी तिखट. तुमच्या डोक्याला पत्र्याचा डबा अडकवून बाहेरून कोणी बडवत राहिलं तर काय होईल? ते मी रोज करायचो. बाकांवरची माणसं पाय आपटून ताल धरायची.

गाणी थांबली की मात्र मी ऐकायचो. हो, भोंग्याला ऐकूही येतं. पाण्यात कोणी आवाज केला की माझी कातडी थरथरते आणि बारीकशी वीज उलटी वायरीतून वर जाते. वर ती ऐकायला कोणी नसायचं, एवढंच.

त्या हौदात मी एका डॉल्फिनला ओळखलं. पुढे तिला पिल्लू झालं, म्हणून मी तिला आईच म्हणतो. पाटीवर तिचं नाव 'परी' होतं. ते नाव साहेबांनी ठेवलेलं, मी ते घेणार नाही. तिचं खरं नाव एक शिट्टी होती. खालून चढत जायची, टोकाला थोडी कापायची आणि एकदम खाली यायची. डॉल्फिन ही शिट्टी तोंडाने वाजवत नाहीत. डोक्यावर श्वासाचं भोक असतं, त्याच्या आतून ती निघते. तुमच्यात नाव आईबाप ठेवतात. त्यांच्यात ज्याचं नाव त्याने स्वतः घडवायचं, आणि मग जन्मभर तेच.

पिल्लू झालं तेव्हा आईने आपल्या नावाचा नुसता सपाटा लावला. पिल्लाला अंगाशी घेऊन पोहायची आणि तीच शिट्टी पुन्हा, पुन्हा, पुन्हा. ही मी. ही मी. ही तुझी मी. समुद्रात पाणी गढूळ असतं, हातभर पलीकडचं दिसत नाही, चुकामूक झाली तर लेकरू गेलंच. म्हणून आधी आईचं नाव कानात मुरवायचं, बाकी सगळं नंतर. पिल्लू वेडंवाकडं फुसफुसायचं. महिन्यांमागून महिने गेले आणि एक दिवस त्याने आपलं नाव जमवलं. दोन छोट्या उड्या आणि मागे एक लांब शेपूट, अशी ती शिट्टी. आईच्या नावाची नक्कल नव्हे हं. स्वतःचं, कोरं करकरीत.

मग काय विचारता! पिल्लू जाळीच्या दारातून मागच्या लहान हौदात भटकायला जायचं आणि तिथून आपलं नाव सांगायचं. आई पुढच्या हौदातून त्याचंच नाव उलट घ्यायची, म्हणजे हाक मारायची. की ते लगेच ओ द्यायचं. दिसत नसलं तरी दोघांना एकमेकांचा ठाव असायचा. हाक आणि ओ, हाक आणि ओ. त्या घाणेरड्या पाण्यात ती एकच गोष्ट स्वच्छ होती आणि ती ऐकताना माझी लाज थोडी कमी व्हायची.

हे सुख साहेबांना बघवलं नाही असं म्हणायलाही जागा नाही, कारण त्यांना ते दिसलंच नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की पिल्लू गोजिरवाणं आहे. कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी एक उथळ हौद बांधला. लोकांनी रांग लावायची, पिल्लाला हात लावायचा, फोटो काढायचा.

"अजून आईचं पितंय ते," ताई म्हणाली.

"तुम्ही मासे द्यायला शिकवा की," साहेब म्हणाले. "त्यासाठीच ठेवलंय तुम्हाला."

आईला मागच्या हौदात कोंडून जाळी पाडली. पिल्लाला कापडाच्या झोळीत घालून वर उचललं. ते पाण्यात होतं तोवर त्याने आपलं नाव इतक्यांदा घेतलं, की माझी कातडी थरथरायची थांबेना. जाळीपलीकडून आई तेच नाव घेत होती. आणि नेमक्या त्याच वेळी भाच्याला एक युक्ती सुचली. खेळाच्या सुरुवातीला डॉल्फिनचा काहीतरी गोड आवाज पाहिजे, असं साहेब कधीचे त्याच्या मागे लागले होते. त्याने माझी वायर यंत्रातून उपटली आणि रेकॉर्डरला जोडली.

"मामा, भोंगा उलटा लावला की माईक होतो!" तो आनंदाने ओरडला. "आलं बघा टेपवर, कसं लख्ख आलंय!"

"साहेब म्हण," साहेब म्हणाले, पण खूश झाले.

अशी ती शिट्टी चोरली. दुसऱ्या दिवसापासून खेळ तिनेच सुरू व्हायला लागला. बाकांवरच्या कर्ण्यांतून ती लोकांना ऐकवायची आणि साहेब माईकवर सांगायचे, "ऐका मुलांनो, आमची परी हसतेय! चला, आपण पण परीसारखं हसू या!" आणि शेकडो मुलं तोंडाचा चंबू करून ती शिट्टी वाजवायची. बिचाऱ्या मुलांचा काय दोष? आईच्या जबड्याची ठेवणच हसल्यासारखी असते. मेली तरी ती हसतच दिसणार. झोळीत अडकलेल्या लेकराचा आक्रोश होता तो, आणि बाकावर बसून लाह्या खात लोक त्याची नक्कल करत होते. ज्याला ओकारी म्हणतात ती भोंग्याला येत नाही. आली असती.

आई मागच्या हौदातून बाहेर यायला तयार नव्हती. ताईने बादली वाजवली, मासे दाखवले, पाण्यात उतरली. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. खेळाची वेळ झाली, लोक टाळ्या वाजवून कंटाळले. तेव्हा भाच्याने पिल्लाची शिट्टी माझ्या तोंडातून पाण्यात सोडली.

आई बाणासारखी आली. जाळीच्या दारातून, सरळ माझ्यापाशी. तिने आपली लांब चोच माझ्या रबराला लावली आणि पिल्लाचं नाव घेतलं. थांबली. पुन्हा घेतलं. डॉल्फिन टकटक आवाज सोडून समोरची वस्तू आतून चाचपू शकतात. तिने मला तसं चाचपलं. माझ्या आत चुंबक होतं, तार होती. लेकरू नव्हतं. तिने मला चोचीने ढकललं, जणू मी सरकलो तर मागे ते सापडेल.

वर साहेबांनी टेबलावर हात मारला. "अरे, सोन्यासारखा भोंगा आहे हा! काय हुबेहूब बोलतो!"

हेच ते दुसरं कौतुक.

त्या दिवसापासून रोज तेच. शिट्टी वाजली की आई स्टेजपाशी यायची. ती आली की ताई वर कडं धरायची. कड्यातून उडी मारली की मासा. आधी ती उडी मारायची नाही, मला ढकलत राहायची. पण भूक कोणाला चुकली आहे? हळूहळू शिट्टी, कडं, उडी, मासा असा पाढा तिच्या अंगात बसला. ताईने शिकवलंही तसंच, जाणून. आपण काहीतरी नवं शोधून काढलं याचा तिला थोडा अभिमानही होता. "हाताने खूण करायची पण गरज नाही," ती पाहुण्यांना सांगायची. "नुसती शिट्टी वाजवा."

सुरुवातीला आई हाकेला उत्तर मागायची. कुठे आहेस? जवळ आहेस की लांब? खरं पिल्लू असतं तर भ्यायल्यावर शिट्टीचं शेपूट दोनदा ओढलं असतं, लांब असतं तर जोर लावला असता, आईने नाव घेतल्यावर लगेच ओ दिला असता. टेप यातलं काही करत नाही. ती रोज तेवढीच, तशीच आणि आपल्याच वेळेला. माझ्या तोंडून पिल्लू एकच सांगत राहिलं: मी, मी, मी. पुढे काहीच नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं ऐकलं होतं. हे तर जित्याच्या टाळूवरचं होतं आणि चमचा माझा होता.

मग आईने विचारणं सोडलं. पुढे तिने स्वतःचं नाव घेणंही सोडलं. ओ द्यायला कोणी नसेल तर आपलं नाव कोणाला सांगायचं? गाणी थांबली की मी कान लावून बसायचो. पाणी गाळायच्या पंपाची घरघर, मोरीचा बुडबुड, वर बाकं धुणाऱ्याचा झाडू. तिची शिट्टी कुठेच नाही.

इकडे पिल्लाची बातमी मला स्टेजवरच्या बोलण्यातून कळायची. दिवसभर हातांवर हात. अंगठ्यांचे ओरखडे. लोकांनी अंगाला लावलेली मलमं आणि अत्तरं पाण्यात उतरून हौदावर तेलाचा तवंग. कोणी पाठीवर मुका घ्यायचं, तो ओठांचा रंग तसाच राहायचा. शेवटी त्याच्या कातडीवर फोड आले.

"फोटो चांगले येत नाहीत," साहेबांचं दुःख एवढंच होतं. "लोक चेहरा वाकडा करतात." ते स्टेजवर येरझाऱ्या घालत होते. मग थांबले. "भेट! आईलेकरांची भेट! कित्येक महिन्यांनी! डोळ्याला पदर लावतील लोक. ताई, रविवारी."

"आधी शांतपणे एकत्र सोडू या का, साहेब? लोक नसताना?" ताईने विचारलं.

"मग भेट कोणाला दाखवायची? भिंतींना?"

रविवारी बाकं खच्चून भरली. भाच्याला हुकूम होता, आज आईलेकरं काय बोलतात ते लोकांना थेट ऐकवायचं. म्हणून त्याने मला पुन्हा उलटा जोडला. मी त्या दिवशी तोंड नव्हतो, कान होतो. पाण्यातलं सगळं माझ्यातून कर्ण्यांपर्यंत जात होतं. साहेबांनी माईकवर इतका गहिवर काढला, की त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. रोज खोटं बोलणाऱ्याला हे जमतं. मागे करुण बासरी लावायलाही ते विसरले नाहीत.

झोळी खाली आली. पिल्लू पाण्यात सुटलं. मोठं झालं होतं, पाठीवर पांढुरके चट्टे होते. क्षणभर ते बावरलं. मग त्याला समोर आई दिसली आणि त्याने आपलं नाव घेतलं. दोन उड्या आणि लांब शेपूट. जिवंत, थरथरतं, माझ्या टेपपेक्षा हजारपट खरं.

आई वळली. स्टेजपाशी आली. पिल्लाच्या अंगावरून गेली, त्याच्याकडे न बघता. आणि तिने हवेत उडी मारली.

बाकं टाळ्यांनी दणाणली. "आनंद बघा आईचा! आनंद बघा!" साहेब ओरडले.

ताई काठावरून भाच्यावर खेकसली, "आत्ता कशाला वाजवलीस शिट्टी? भेट चाललीय ना!"

"मी नाही वाजवली, ताई." भाच्याने दोन्ही हात वर केले. "भोंगा तर उलटा आहे. ते पिल्लू बोलतंय."

ताईच्या हातात मासा होता. आई पाण्यातून डोकं वर काढून, तोंड उघडून, आपल्या मजुरीची वाट बघत होती. पिल्लू तिच्या कुशीला घासत होतं. ते घाबरलं, त्याने पुन्हा नाव घेतलं, शेपूट दोनदा ओढलं. आईने पुन्हा उडी मारली. पुन्हा टाळ्या. ते जितकं हाक मारत होतं, तितकी ती उडत होती. लेकराचं नाव तिच्या लेखी आता कड्यातून उडी मारायची खूण होती, दुसरं काही नव्हतं. आणि ते मी केलं होतं. बनवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, याचा आवाज फाटत नाही. फाटला असता तर किती बरं झालं असतं!

लांडगा आला रे आला म्हणून खोटं ओरडणाऱ्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. तिथे खोटं बोलणाऱ्यालाच शिक्षा झाली. इथे खोटं बोलले साहेब, बोललो मी, आणि शिक्षा पिल्लाला.

ताईने मासा दिला नाही. तिने तो परत बादलीत टाकला, बादली पायाने मागे सारली आणि ती काठावर गुडघ्यांवर बसली. आई तोंड उघडून वाट बघत राहिली. पिल्लू गप्प झालं. ते जरा लांब सरकलं, हौदाच्या तळाशी गेलं. मला वाटलं, संपलं. आता हेही भिंतीकडे तोंड करून पडून राहणार.

तेवढ्यात माझ्या कातडीवर एक वेगळी थरथर आली. खालून चढत गेली, टोकाला थोडी कापली आणि एकदम खाली आली.

पिल्लू स्वतःचं नाव घेत नव्हतं. ते आईचं नाव घेत होतं.

मित्रांनो, डॉल्फिन एकमेकांना अशीच हाक मारतात, ज्याचं नाव त्याला ऐकवून. पण पिल्लू गेल्यापासून त्या पाण्यात आईचं नाव कोणी घेतलंच नव्हतं. साहेबांनी नाही, टेपने नाही, खुद्द तिनेही नाही. चोरांना ते चोरायचं सुचलं नव्हतं. ते तेवढं स्वच्छ राहिलं होतं आणि पिल्लाने ते जन्मल्यापासून कानात जपून ठेवलं होतं.

आई थांबली. तोंड मिटलं. पिल्लाने पुन्हा नाव घेतलं. ती पाण्याखाली आली, पण माझ्याकडे नाही, स्टेजकडे नाही. तळाशी, लेकराकडे. तिने आपली शिट्टी वाजवली, इतक्या दिवसांनी, जरा घोगरी. ही मी. पिल्लाने ओ दिला. मग दोघं अंगाला अंग लावून भिंतीच्या कडेने फिरू लागली. उडी नाही, गिरकी नाही, काही नाही.

बाकांवर टाळी वाजली नाही. "झालं का? एवढंच?" कोणीतरी विचारलं. लोक लाह्या झटकत उठायला लागले. खरी भेट झाली तेव्हा बघायला जवळजवळ कोणीच नव्हतं, आणि जे होते ते पिशव्या शोधत होते.

साहेब मात्र डोळे बारीक करून टेबलापाशी आले. "ही नवी शिट्टी कोणती रे?"

"आईची असावी," भाचा म्हणाला.

"ऐकली आणि कशी जागच्या जागी थांबली बघ! म्हणजे उडवायची शिट्टी आपल्याकडे आहे, आणि आता थांबवायची मिळाली! भोंगा उलटाच आहे ना? लाव रेकॉर्डर. आत्ताच घे, दोघं बोलतायत तोवर."

"हो मामा," भाचा म्हणाला आणि रेकॉर्डरकडे वळला.

मी, मित्रांनो, पाण्याखाली आवळलेला, चार बोल्टांनी. कान मिटता येत नाहीत, भोंग्याला तर मुळीच नाही. पिल्लू आईचं नाव घेत होतं आणि ते माझ्या कातडीतून, माझ्या तारेतून, वर वर चाललं होतं. उद्या हेच माझ्या तोंडून परत येणार. परवा आईला तेही नाव खोटं वाटणार. मग पिल्लाने कोणत्या नावाने हाक मारायची?

ताई उठली. तिने मासे कापायच्या ओट्यावरचा सुरा उचलला. माझी वायर स्टेजच्या फळ्यांवरून टेबलापर्यंत गेली होती. ती वायरीपाशी वाकली आणि सुरा चालवला. सुरा मासे कापायचा, वायर जाड. तिला बराच वेळ लागला. साहेब बघत राहिले, त्यांना आधी काही कळेचना.

"अहो! काय करताय हे?"

"भोंगा बिघडलाय, साहेब."

"आत्ता तर चालू होता!"

"आत्ताच बिघडला," ताई म्हणाली. वायरीचा तुकडा तिने बादलीत टाकला. "आणि ते पिल्लू आता फोटोच्या हौदात जायचं नाही. न्यायचं असेल तर मासे तुम्ही खिलवा आणि उड्या तुम्ही मारा."

साहेबांनी गळ्यातला माईक बंद केला. दुसरी शिकवणारी मिळायला वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मला वर काढलं त्याआधी मी शेवटचं जे ऐकलं ते त्या दोघांचं बोलणं. हाक आणि ओ. पुढचं मला माहीत नाही, आणि उगाच गोड शेवट मी तुम्हाला चिकटवणार नाही. आईलेकरं एकत्र राहिली असतील, पण त्याच हौदात, त्याच तुंबलेल्या मोरीशेजारी. समुद्र त्यांना कोणी परत दिलेला नाही.

मी आता सामानाच्या खोलीत एका फळीवर पडलो आहे. शेजारी फाटकी झोळी आणि रंग उडालेलं कडं. माझ्या रबरावर शेवाळ वाळलं आहे, त्याचा वास येतो. माणसं दार उघडतात तेव्हा नाक मुरडतात. मुरडू देत.

कालच भाचा आला होता. त्याने मला फळीवरून उचललं, वायरीचं तुटकं टोक उजेडात धरलं, आतली तांब्याची तार नखाने मोकळी केली. "जोडता येईल," तो स्वतःशी म्हणाला. "आतून धड आहे." मग मला खाली ठेवून तो वायर सोलण्यासाठी कात्री शोधायला गेला. अजून परत आलेला नाही.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला फेकू नका, पुसा, जपा, दुरुस्त करा. तुम्ही त्यांचं जरूर ऐका. पण तुमच्यातला कोणी मोठेपणी हातात कात्री घेऊन अशा एखाद्या खोलीत आला, तर माझ्यापुरतं एवढं करा. दार ओढून घ्या आणि माझी वायर तुटलेलीच राहू द्या.